शरीरातील यंत्र आणि कायद्याची मुदत

व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला कायद्याचा पहिला धडा दुकानाच्या गादीवरच मिळतो. माल उधार दिला आणि पैसे आले नाहीत, तर तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. मुदत टळली की खातेवहीतील येणे केवळ शाईपुरते उरते. म्हणूनच जुने मुनीम वर्षअखेरीस गिऱ्हाइकाकडून बाकी मान्य असल्याची सही घेत. मुदतीच्या आत लेखी मान्यता मिळाली की तीन वर्षांची गणना पुन्हा नव्याने सुरू होते, हे त्यांना कोणत्याही वकिलाने शिकवावे लागत नसे.

मात्र हीच दक्षता आपण आपल्या शरीराच्या बाबतीत बाळगत नाही. आज क्वचितच असे घर आढळेल, जेथे कोणाच्या ना कोणाच्या शरीरात काही कृत्रिम वस्तू बसवलेली नाही. आजोबांच्या हृदयात स्टेंट किंवा पेसमेकर असतो, आईच्या गुडघ्यात वा खुब्यात कृत्रिम सांधा असतो, काकूंच्या डोळ्यात भिंग असते. या वस्तूंपोटी लाखो रुपये मोजले जातात. रुग्ण घरी येतो, फाईल कपाटात जाते आणि विषय संपतो. पाच हजारांच्या उधारीची तारीख ज्या घरात तोंडपाठ असते, त्याच घरात आईच्या खुब्यातील सांधा कोणत्या कंपनीचा आहे, हे कोणालाच सांगता येत नाही.

वस्तू निर्दोष असेल तर या अज्ञानाने काही बिघडत नाही. ती सदोष निघाली, तर मात्र पहिला प्रश्न वेदनेचा असतो, दुसरा खर्चाचा आणि तिसरा, बहुधा सर्वांत उशिरा सुचणारा, मुदतीचा. या तिसऱ्या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

एका खुब्याची कथा

या विषयातील आपल्या देशाला ठाऊक असलेले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे एएसआर या नावाने विकल्या गेलेल्या कृत्रिम खुब्याचे. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डीप्यू या कंपनीचे हे उत्पादन. त्यातील गोळा आणि त्याची वाटी, दोन्ही कोबाल्ट व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे होते. धातूवर धातू घासल्याने अतिसूक्ष्म कण सुटत, ते भोवतालच्या स्नायूंत व हाडांत साचत, आणि कोबाल्ट-क्रोमियम रक्तात उतरे. काहींचा सांधा सैल होई, काहींच्या सांध्याभोवतीच्या ऊती नष्ट होत. काहींना तर आरंभी वेदनाही जाणवत नसत. रक्ततपासणीतच धातूचे वाढलेले प्रमाण दिसून येई.

ऑस्ट्रेलियाच्या बाजारातून हा सांधा २००९ च्या अखेरीस काढून घेण्यात आला आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. पाच वर्षांच्या आत सुमारे १२ ते १३ टक्के रुग्णांवर दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते, असे ब्रिटनच्या नोंदींवरून दिसून आले होते. जगभरात सुमारे ९३ हजार रुग्णांना हा सांधा बसवण्यात आला होता. भारतात अशा शस्त्रक्रियांची संख्या सुमारे ४,७०० होती.

पुढचा कालक्रम लक्षपूर्वक पाहावा. नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सुमारे आठ हजार रुग्णांचे दावे मिटवण्यासाठी कंपनीने सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली. भारतातील केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने याविषयी सावधगिरीची सूचना काढली ती डिसेंबर २०१३ मध्ये. केंद्र सरकारची तज्ज्ञ समिती नेमली गेली ती २०१७ मध्ये. तिने २०१८ मध्ये प्रत्येक बाधित रुग्णास किमान २० लाख रुपये द्यावेत आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या खर्चाची भरपाई ऑगस्ट २०२५ पर्यंत चालू ठेवावी, अशी शिफारस केली. त्याच वर्षी दुसऱ्या समितीच्या सूत्रानुसार भरपाईची रक्कम ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपये ठरली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि मे २०१९ मध्ये तिने दुसरी शस्त्रक्रिया झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख रुपये देण्याची तयारी दर्शवली.

सांधा परत मागवल्यापासून येथपर्यंत पावणेनऊ वर्षे लोटली. चार हजार सातशे शस्त्रक्रिया आणि सदुसष्ट रुग्ण, या दोन आकड्यांमधील अंतर पुष्कळ काही सांगून जाते. अनेक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. कारण कोणाला कोणता सांधा बसवला, याची नोंद ना एका ठिकाणी होती, ना अनेकांच्या घरी.

दोन वर्षे की तीन?

सदोष इम्प्लांटमुळे नुकसान झालेल्या माणसापुढे साधारणतः दोन मार्ग असतात.

पहिला मार्ग ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याच्या कलम ६९ नुसार, दाव्याचे कारण ज्या दिवशी घडले त्या दिवसापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. १९८६ च्या जुन्या कायद्यातही मुदत दोनच वर्षांची होती. विलंबास पुरेसे कारण असल्याचे आयोगाला पटवून दिले, तर आयोग कारणे नोंदवून विलंब माफ करू शकतो. परंतु ही माफी म्हणजे हक्क नव्हे.

दुसरा मार्ग दिवाणी न्यायालयाचा. मुदतीचा कायदा, १९६३ यानुसार येथे सर्वसाधारणपणे तीन वर्षे मिळतात. एक वर्ष अधिक मिळते म्हणून हा मार्ग सोयीचा वाटेल. पण येथे दावा उशिरा दाखल झाला तर 'पुरेसे कारण' सांगून तो वाचवता येत नाही. विलंब माफीची ती तरतूद अपिलांना व अर्जांना लागू आहे, मूळ दाव्याला नाही. मात्र प्रतिपक्षाने कपटाने वस्तुस्थिती दडवली असेल, तर ते कपट उघड होईपर्यंत, किंवा वाजवी तत्परता दाखवून ते उघड होऊ शकले असते तोपर्यंत, मुदत सुरू होत नाही, असे याच कायद्याचे कलम १७ सांगते. रुग्णाचा मृत्यू झाल्यास १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली वारसांनी करावयाच्या दाव्याची मुदत मृत्यूच्या दिवसापासून दोन वर्षे आहे.

विनामूल्य उपचारांबाबत एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवावा. आपल्या समाजाच्या अनेक धर्मादाय रुग्णालयांत गरजूंवर विनाशुल्क शस्त्रक्रिया होतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निर्णयानुसार, जे रुग्णालय काही रुग्णांकडून शुल्क घेते व काहींना मोफत सेवा देते, तेथील मोफत रुग्णही ग्राहक ठरतो. जेथे सर्वांनाच सेवा पूर्णतः विनामूल्य मिळते, तेथील रुग्णाला त्या सेवेबद्दल ग्राहक आयोगाचे दार उघडे नसते; त्याला दिवाणी न्यायालयाकडेच वळावे लागते.

घड्याळ केव्हा सुरू होते?

मुदत किती, यापेक्षा ती मोजायची कोठून, हा खरा कठीण प्रश्न आहे. उधारीत माल दिल्याची तारीख ठरलेली असते. शरीराच्या बाबतीत मात्र वस्तू बसवल्याची तारीख वेगळी, त्रास सुरू झाल्याची वेगळी, दोष कळल्याची वेगळी आणि वस्तू काढल्याची वेगळी.

या प्रश्नाचे आपल्याकडील सर्वांत महत्त्वाचे उत्तर गोव्यातील एका परिचारिकेच्या खटल्यात मिळते. त्यात इम्प्लांट नव्हते, पण शरीरात दडून राहिलेली वस्तू होती. नोव्हेंबर १९९३ मध्ये मुंबईत त्यांच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांना पोटदुखीचा त्रास होत राहिला. ऑक्टोबर २००२ मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली, तेव्हा पोटात कापसाच्या जाळीचा तुकडा आढळला. त्यानंतर दोन वर्षे पूर्ण होण्याच्या काही दिवस आधी, ऑक्टोबर २००४ मध्ये त्यांनी ग्राहक आयोगाकडे तक्रार केली.

वरवर पाहता तक्रार मुदतीत होती. तुकडा सापडल्याशिवाय तो आत आहे हे कळणार कसे? २०१० मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व रुग्णांच्या बाजूचेच सांगितले. हानी उघड दिसणारी असेल, तर मुदत निष्काळजीपणाच्या दिवसापासून मोजावी. ती सुप्त असेल, तर रुग्णाला तिचा शोध लागला त्या दिवसापासून, अथवा वाजवी तत्परता दाखवून तो शोध लागू शकला असता त्या दिवसापासून मोजावी. मात्र हेच तत्त्व लावून न्यायालयाने तक्रार मुदतबाह्य ठरवली. नऊ वर्षे वेदना होत असताना त्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे परत गेल्या नाहीत. स्वतः परिचारिका असूनही त्यांनी वेळीच तपासणी करून घेतली नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

या निर्णयातील दोन शब्द प्रत्येक घराने लक्षात ठेवावेत, 'वाजवी तत्परता'. केवळ 'मला कळले नव्हते' एवढे सांगणे पुरेसे नाही. 'कळावे म्हणून मी काय केले' हेही दाखवावे लागते. आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी, विशेषतः स्त्रिया, दुखणे अंगावर काढतात. मुलांना त्रास नको, दुकानाच्या हंगामात दवाखाना नको, म्हणून वेदना गिळून टाकतात. घरात याचे कौतुकही होते. न्यायालयात मात्र हेच मौन त्यांच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभे राहू शकते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊन गणित मांडू. समजा, फेब्रुवारी २०१८ मध्ये खुबा बदलला. १ जून २०२४ च्या सुमारास दुखू लागले. १० सप्टेंबर २०२४ रोजी अस्थिरोगतज्ज्ञांनी लेखी कळवले की, सांधा सदोष असल्याने सैल झाला आहे. जानेवारी २०२५ मध्ये तो काढून दुसरा बसवला. येथे बहुतेक कुटुंबे दुसऱ्या शस्त्रक्रियेपासून दोन वर्षे मोजतील आणि जानेवारी २०२७ पर्यंत अवधी आहे असे समजतील. ती घोडचूक ठरू शकते. दोष कळल्याची तारीख धरली, तर मुदत सप्टेंबर २०२६ मध्येच संपते. प्रतिपक्षाचा वकील तर म्हणेल की, दुखू लागले तेव्हाच तपासणी करायला हवी होती. म्हणून जून २०२६ धरा. वस्तू कंपनीने जाहीरपणे परत मागवली असेल, तर त्या जाहिरातीच्या दिवसापासून गणना करा, असाही युक्तिवाद होऊ शकतो. म्हणून शहाणपणाचा नियम एकच. संभाव्य तारखांपैकी जी सर्वांत आधीची असेल, तीच आपली मानावी आणि तिच्या आत तक्रार दाखल करावी.

जुनी प्रकरणे तपासताना एक सवलत विसरू नये. करोनाच्या काळातील १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा अवधी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुदतीच्या गणनेतून वगळण्यात आला आहे.

पत्रव्यवहाराने घड्याळ थांबत नाही

आपला व्यापारी स्वभाव तडजोडीचा. 'आधी बोलून पाहू, पत्र लिहू, कंपनी काय म्हणते ते पाहू' हा आपला रिवाज, आणि तो चुकीचाही नाही. पण बोलणी चालू असताना मुदत थांबते, हा समज मात्र घातक आहे.

एका तंबाखू व्यापारी पेढीचा खटला या दृष्टीने उद्बोधक आहे. तिच्या गोदामाला मार्च १९८८ मध्ये आग लागली. विमा कंपनीविरुद्ध ग्राहक तक्रार दाखल झाली ती ऑक्टोबर १९९७ मध्ये. मधल्या काळातील पत्रांचा आधार घेण्यात आला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवले की, दाव्याचे कारण आगीच्या दिवशीच घडले आणि पुढे पाठवलेल्या नोटिशीला आलेल्या उत्तराने मुदत वाढत नाही. येणे वसूल करण्यात मुरलेल्या पेढीचीही जेथे अशी गत झाली, तेथे आजारी माणसाच्या कुटुंबाने किती सावध असावे!

म्हणून बोलणी अवश्य करावीत, परंतु शेवटची तारीख समोर ठेवून करावीत. मुदत संपण्यापूर्वी तीन-चार महिने तक्रार तयार असावी. तडजोड झालीच तर दाखल केलेली तक्रार मागे घेता येते. मुदतबाह्य झालेली तक्रार मात्र जिवंत करणे कठीण. कंपनीने रक्कम देताना 'पूर्ण व अंतिम' अशा मजकुरावर सही मागितली, तर वकिलांना दाखवल्याशिवाय ती करू नये. या दोन शब्दांचे मोल व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको.

तक्रार कोणाविरुद्ध, कोठे?

२०१९ च्या कायद्यात 'उत्पादनाची जबाबदारी' या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. वस्तूच्या निर्मितीत दोष असेल, रचनेत दोष असेल, ठरलेल्या मानकांपासून ती ढळली असेल, दिलेल्या हमीशी विसंगत असेल, अथवा पुरेशा सूचना व इशारे दिले नसतील, तर उत्पादक जबाबदार ठरतो. कारखाना परदेशात आहे म्हणून हताश होण्याचे कारण नाही. आयात करणारा हाही या कायद्याने विक्रेता आहे, आणि परदेशी उत्पादकावर नोटीस बजावता येत नसेल किंवा आदेशाची अंमलबजावणी होऊ शकत नसेल, तर विक्रेत्याला जबाबदार धरता येते. सदोष वस्तूचा प्रश्न आणि डॉक्टरांच्या हलगर्जीचा प्रश्न वेगवेगळे आहेत, हेही ध्यानात घ्यावे. ज्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे काम केले, त्यांना केवळ वस्तू सदोष निघाली म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे योग्य नाही. पुष्कळदा त्यांचीच साक्ष आपल्या उपयोगी पडते.

तक्रार आपण जेथे राहतो वा व्यवसाय करतो तेथील आयोगाकडे करता येते. सोलापूरच्या रुग्णाची शस्त्रक्रिया मुंबईत झाली असली तरी त्याने मुंबईचे खेटे घालण्याची गरज नाही. कोणत्या आयोगाकडे जावयाचे, हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर वस्तू वा सेवेपोटी मोजलेल्या रकमेवर ठरते. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्कही नाही.

कागद हाच साक्षीदार

डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या वैद्यकीय नियमावलीनुसार दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपण्याचे बंधन डॉक्टरांवर आहे, आणि मागणी केल्यास ते ७२ तासांत द्यावे लागतात. सांधा मात्र आठव्या किंवा दहाव्या वर्षी दगा देऊ शकतो. म्हणजे ज्या दिवशी कागदांची खरी गरज पडेल, त्या दिवशी ते रुग्णालयात असतीलच असे नाही. म्हणून ते पहिल्याच महिन्यात घरी आणावेत.

प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यासोबत चिकटपट्ट्या येतात. त्यांवर उत्पादकाचे नाव, वस्तूचा प्रकार, आकार आणि अनुक्रमांक किंवा लॉट क्रमांक असतो. त्यातील एक पट्टी शस्त्रक्रियेच्या कागदांवर लावतात. घरी जाण्याआधी त्या पानाची स्वच्छ प्रत मागून घ्यावी. बिलात इम्प्लांटचे नाव व किंमत स्वतंत्र लिहून घ्यावी. 'शस्त्रक्रिया साहित्य' असा मोघम उल्लेख स्वीकारू नये. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेचे टिपण, एक्स-रे आणि पैसे भरल्याच्या पावत्या एकाच फाईलमध्ये ठेवाव्यात.

वस्तू काढावी लागली, तर एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची. काढलेली वस्तू हाच खटल्यातील मुख्य पुरावा असतो. शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णालयाला लेखी कळवावे की, ती टाकून देऊ नये, कंपनीच्या प्रतिनिधीकडे परस्पर सोपवू नये, तर मोहोरबंद करून पोच घेऊन आमच्या ताब्यात द्यावी. हे पत्र देण्यास लाजू नये. सोन्याचा दागिना दुरुस्तीला देताना आपण वजनाची चिठ्ठी घेतोच ना?

आणि एक साधी वही ठेवावी. त्रास केव्हा सुरू झाला, कोणत्या तारखेला कोणत्या डॉक्टरांना दाखवले, त्यांनी काय सांगितले, याची तारखेनिशी नोंद करावी. उद्या 'वाजवी तत्परता' दाखवण्याची वेळ आली, तर हीच वही बोलेल.

परदेशी असलेल्यांसाठी

आपली अनेक मुले परदेशी स्थायिक आहेत आणि कित्येक आई-वडिलांची शस्त्रक्रिया तेथेच होते. तेथे तेथील मुदत लागते. ब्रिटनमध्ये सदोष उत्पादनाबाबत, नुकसान व त्याचे कारण कळल्यापासून तीन वर्षे मिळतात. पण वस्तू बाजारात आल्यापासून दहा वर्षे उलटली की, दोष कळलेला असो वा नसो, त्या कायद्याखालील हक्क संपतो. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नव्या निर्देशाने, उशिरा प्रकटणाऱ्या शारीरिक हानीसाठी ही बाहेरची सीमा पंचवीस वर्षांपर्यंत वाढवली आहे. मात्र ती ९ डिसेंबर २०२६ नंतर बाजारात येणाऱ्या वस्तूंनाच लागू होईल. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा आहे. कॅलिफोर्निया व टेक्सास येथे शारीरिक इजेच्या दाव्यास साधारणतः दोन वर्षे मिळतात. भारतीय कायद्यात अशी बाहेरची सीमा स्वतंत्रपणे लिहिलेली नाही. ही रुग्णांच्या हिताची गोष्ट आहे. पण तत्परतेची कसोटी तिच्याहून कमी कठोर नाही.

कोर्टकचेरी आपल्याला आवडत नाही, आणि ते चांगलेच आहे. प्रत्येक दुखण्यामागे खटला शोधावा, असे येथे मुळीच सुचवायचे नाही. बहुसंख्य इम्प्लांट उत्तम काम देतात आणि त्यांच्यामुळे असंख्य वृद्ध पुन्हा चालू-फिरू लागले आहेत. परंतु दावा न करणे हा आपला निर्णय असावा. मुदत संपून गेली म्हणून आपल्यावर लादला गेलेला तो निकाल नसावा. प्रत्यक्ष प्रसंगी जाणकार वकिलांचा सल्ला घ्यावाच. पण त्यांच्याकडे जाताना हातात तारीख आणि कागद असावेत.

दिवाळीत आपण वह्या बदलतो, जुनी येणी तपासतो. त्याच दिवशी घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून आणखी एक पान लिहावे. कोणाच्या शरीरात काय बसवले आहे, कोणत्या कंपनीचे, कोणत्या क्रमांकाचे, कोणत्या दिवशी, आणि आता काही दुखते का? शेवटचा प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थोडे थांबावे. 'काही नाही रे, वयच झाले' हे उत्तर ऐकून वही मिटू नये.